टॅरँटुला जेवेना: बडोद्यातला एक हिवाळा

घरातलं माणूस जेवेनासं झालं तर काय करायचं ते मला ठाऊक आहे. मऊ भात, वर तूप-मेतकूट, तेही नको झालं तर रावपुऱ्यातले आमचे डॉक्टर. टॅरँटुला, म्हणजे मोठी केसाळ कोळीण, जेवेनाशी झाली तर काय करायचं, हे मात्र साठीच्या उंबरठ्यावर शिकावं लागलं.

ही टॅरँटुला, गोदा, माझ्या मुलीची. मेक्सिकन रेडनी जातीची: अंग काळं, पायांच्या सांध्यांवर केशरी पट्टे. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि पेटी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी राहिली. मला नेमून दिलेली कामं तीन. पाण्याची वाटी रिकामी होऊ द्यायची नाही, दहा-बारा दिवसांतून एकदा खाऊ द्यायचा, आणि हात लावायचा नाही. तिसरं काम मी अत्यंत निष्ठेने केलं. ही कोळीण चिडली की मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवते. ते कातडीला लागले की खाज सुटते आणि डोळ्यात गेले तर फार त्रास होतो.

खाऊ म्हणजे डुबिया झुरळं. ती वेगळ्या डब्यात, अंड्यांच्या पुठ्ठ्यात वाढतात. मोरीतलं झुरळ चालत नाही, कारण त्याने मुंग्यांचा खडू किंवा औषध चाटलेलं नसेल याची हमी कोण देणार? डुबिया संपली तर पक्ष्यांच्या दुकानातून मीलवर्म, म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या, आणायचे आणि पेटीत टाकण्याआधी त्यांचं डोकं चिमट्याने चेपायचं. नाहीतर ते पेटीच्या तळाशी पसरलेल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, घुसून बसतात. सौ. हे काम चालू असताना स्वयंपाकघराचं दार लावून घेते.

एकदा मी गोदाचं जेवण शेवटपर्यंत पाहिलं. झडप एवढी चटकन की नजर चुकते, पण नंतर सगळं संथ. ती घास गिळत नाही. भक्ष्यावर पाचक रस सोडते, सुळ्यांनी मळत राहते आणि पातळ झालेलं तेवढं शोषून घेते. काही तासांनी वाटाण्याएवढा एक चोथा उरतो. तो लांब चिमट्याने काढून टाकायचा, नाहीतर बुरशी येते, आणि आमच्याकडे त्याआधी मुंग्या येतात.

नवरात्रात तिने खाणं सोडलं. झुरळ जवळ आलं की पुढचे पाय आखडून मागे सरकायची. सौ. म्हणाली, "अहो, गरब्याच्या आवाजाने बिचारी बिथरली असेल." यात तथ्य होतं. कोळ्यांना आपल्यासारखे कान नसतात, पण पायांवरच्या बारीक केसांना हवेची आणि जमिनीची थरथर कळते, आणि बडोद्यात नवरात्रात भिंतीसुद्धा थरथरतात. शिवाय पेटी फ्रिजच्या शेजारी होती, ती हलवून आतल्या खोलीत कपाटावर ठेवली. दसरा झाला, कोजागरी झाली, दिवाळीही आटोपली. गोदा तशीच.

मुलीला फोन केला तर तिने डॉक्टरांसारखी उलटतपासणी घेतली. पोट सुरकुतलंय का? पुढच्या टणक ढालीपेक्षा लहान दिसतंय का? पाय अंगाखाली मुडपलेत का? वाटीत पाणी आहे का? उत्तरं ठीक आली तेव्हा म्हणाली, "बाबा, तू जेवणाची तारीख बघतोयस, तिचं पोट बघ. पोट गोल असेल तर महिनोन्‌महिने खाल्लं नाही तरी चालतं. पाणी मात्र एक दिवसही चुकवू नकोस." मग कारणही सांगितलं. कोळ्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांना वाकवणारे स्नायू असतात, सरळ करणारे नसतात. अंगातल्या द्रवाच्या दाबाने पाय ताठ होतो. पाणी आटलं की दाब उतरतो आणि पाय आत मुडपतात. ती खरी धोक्याची खूण.

तरी माझं मन मानेना. पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी आधी कागद मागितले, ते एका अर्थी बरंच झालं. ही जात सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार असे विदेशी प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. आमची नोंदणी झालेली होती. कागद बघून डॉक्टर सरळ म्हणाले, "कोळी मी कधी तपासलेला नाही. कुत्रा असता तर सलाईन लावलं असतं." उगाच काही टोचलं नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. पिवळा बल्ब लावा, चिमट्याने तोंडाशी घास धरा, काडीने ढोसून बघा. यातलं काहीच करायचं नाही. बल्बने पेटी कोरडी पडते, आणि ढोसलं तर भुकेची भीती होते. नाकारलेलं झुरळ चोवीस तासांच्या आत बाहेर काढायचं, मग आठ-दहा दिवस पुन्हा विचारायचंच नाही. जानेवारीत बडोद्याचा पारा पहाटे १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. या जातीला २४ ते २८ अंश मानवतात. थंडीत अंगातली सगळी कामं मंदावतात, मग भूक कुठून लागणार? आतली खोली एरवीही उबदार असते. रात्री खिडकी लावून घेतली, बस.

खरी धावपळ झाली ती महापालिकेची धुराची गाडी आली त्या संध्याकाळी. डासांचा धूर, अगरबत्ती, प्लगमध्ये खुपसायची बाटली, या सगळ्यांतली औषधं कीटकांसाठी असली तरी कोळ्यालाही तितकीच घातक. गाडीचा आवाज येताच मी दारं-खिडक्या लावल्या आणि फटींत ओले टॉवेल कोंबले. तेव्हापासून आमच्याकडे मच्छरदाणी आहे.

संक्रांतीनंतर एक दिवस पोटाकडे लक्ष गेलं. केस उडवून उडवून तिथे एक फिकट टक्कल पडलेलं होतं, ते काळपट आणि तुकतुकीत दिसायला लागलं. फोटो पाठवला. "नवे केस आतून दिसतायत. कात टाकणार ती!" मुलगी ओरडलीच. कात म्हणजे नुसती वरची साल नाही. सुळे बदलतात, आणि ज्या पोटाने ती रस शोषते त्याचं आतलं अस्तरसुद्धा कातीबरोबर बाहेर येतं. अशा वेळी खाणार कशी? लहान पिल्लांचं हे चटकन उरकतं, मोठ्यांचा उपास महिने चालतो.

पुढे तिने कोकोपीटवर रेशमाची दाट चटई विणली आणि एका दुपारी त्यावर उताणी पडली. शेजारचा मुलगा पतंगाची फिरकी मागायला आला होता, तो पेटीत डोकावून म्हणाला, "काका, आ तो मरी गई!" मरणारी कोळीण बहुधा पालथीच असते, पाय खाली मुडपलेली, उताणी पडलेली बहुतेक वेळा कात टाकत असते. हे मला पाठ होतं, तरीही पुढचे काही तास मी चहासुद्धा उभ्यानेच घेतला. आधी पाठीची ढाल झाकणासारखी उचकटली. मग एकेक पाय हातमोज्यातून बोट काढावं तसा बाहेर आला, थांबत थांबत. या अवस्थेत पेटीत जिवंत झुरळ असतं तर त्याने तिलाच कुरतडलं असतं.

बाहेर आली तेव्हा सुळे पांढरेशुभ्र आणि मऊ होते. ते तांबूस झाले, मग काळे पडले. त्याआधी खाऊ द्यायचा नाही, असा मुलीचा सक्त हुकूम होता. सुळे काळे झाल्यावरही मी आणखी काही दिवस जाऊ दिले आणि मग एक लहानसं झुरळ सोडलं. ते जमिनीला टेकायच्या आत तिने घेतलं.

होळीला मुलगी आली. वाळलेली कात तिने साबणाच्या कोमट पाण्यात मऊ केली, पोटाची बाजू उलगडली आणि भिंगातून फुफ्फुसांच्या वरच्या दोन पांढऱ्या ठिपक्यांच्या मधली जागा पाहिली. तिथे एक छोटी घडी होती. म्हणजे गोदा खरोखरच मादी. तोवर नाव केवळ अंदाजाने ठेवलेलं होतं. नर असता तर शेवटच्या कातीनंतर फार तर वर्ष-दोन वर्षं जगला असता. मादी वीस-पंचवीस वर्षं सहज जगते.

सौ.ने हिशोब केला, माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला म्हणाली, "तुझ्या रुखवतात ही पेटी पहिली मांडणार आहे मी."