टँक, टॅंक आणि पायऱ्या: नोंद चौथी

मुंबईच्या तलाव-विहिरींवरच्या आमच्या साइटच्या पानांना मराठी पत्ते (यूआरएल) देणार, असं गेल्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहून बसलो होतो. 'पान-१७', 'पान-१८' बघून कंटाळा आला होता. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक यांचं पाणी कधीच बुजलं, नावं तेवढी बसच्या पाट्यांवर उरली. ती पत्त्यात तरी धड दिसावीत, एवढीच हौस. दोन रविवारांचं काम धरलं होतं, पाच गेले.

पहिला रविवार मात्र मजेत गेला. नियम स्वच्छ आहे: आरएफसी ३९८६, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते कसे लिहायचे ते ठरवणारा दस्तऐवज, जानेवारी २००५. रोमी अक्षरं, आकडे आणि हायफन, टिंब, अधोरेषा, टिल्ड (~) ही चार चिन्हं पत्त्यात जशीच्या तशी चालतात. तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, '&', '#' वगैरे मंडळी राखीव. पत्त्याचे तुकडे पाडायचं काम करत असतील तर तशीच ठेवायची, पण नावाचा भाग म्हणून आली तर झाकायची, म्हणजे '%' वाल्या रूपात लिहायची. उरलेल्या सगळ्याचे आधी यूटीएफ-८ (अक्षरं संगणकात साठवायची पद्धत) प्रमाणे बाइट काढायचे आणि प्रत्येक बाइटसाठी '%' आणि दोन हेक्स आकडे (० ते ९ आणि ए ते एफ) लिहायचे. यालाच एन्कोड करणं म्हणतात.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे पत्त्यात नऊ जागा. 'प' होतो %ई०%ए४%एए (पत्त्यात हे रोमीत असतं, इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय). आणि काना, वेलांटी, हलन्त यांचं तिकीट वेगळं फाडावं लागतं. 'बाणगंगेच्या पायऱ्या' या नावात अठरा चिन्हं आणि एक मोकळी जागा. अठरा नवे १६२, मोकळ्या जागेचे %२० हे तीन, एकूण १६५. ब्राउझरच्या पट्टीत छान मराठी दिसतं, पण कॉपी करून ग्रुपवर टाकलं की मारुतीचं शेपूट. मोकळ्या जागेऐवजी हायफन घातला, दोन वाचले. तेवढंच समाधान.

दुसऱ्या रविवारी 'गोवालिया टँक/ऑगस्ट क्रांती मैदान' हे पान उघडेना. चूक माझीच. सगळा पत्ता जोडून झाल्यावर तो अख्खा जावास्क्रिप्टच्या एन्कोडयूआरआय या फंक्शनला दिला होता. ते पूर्ण पत्त्यासाठी आहे, त्यामुळे तिरक्या रेघेला हात लावत नाही. सर्व्हर बिचारा 'गोवालिया टँक' नावाच्या फोल्डरात 'ऑगस्ट क्रांती मैदान' शोधत बसला. नावासाठी एन्कोडयूआरआयकंपोनंट हवं, आणि तेही जोडण्याआधी, एकेका तुकड्यावर. उलट येताना आधी तुकडे पाडायचे, मग उकलायचं, म्हणजे '%' वाल्या रूपाची परत अक्षरं करायची. हा क्रम चुकला की काही खरं नाही. तो सुधारला, रेघेचं %२एफ झालं, तर आमच्या सर्व्हरला %२एफच मंजूर नाही, पुन्हा ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'! शेवटी नावातल्या रेघेचाही हायफन केला. तत्त्व गेलं, पान उघडलं.

शोधपेटीत '+' चा घोळ झाला. फॉर्ममधून गेलेल्या मजकुरात मोकळ्या जागेचा '+' होतो, पण पत्त्याच्या मधल्या भागात '+' म्हणजे नुसता '+'. पायथनवाल्यांनी कोट (मोकळ्या जागेचं %२० करणारं) आणि कोट_प्लस ('+' करणारं) या फंक्शनांतला फरक एकदा डोळ्यांखालून घालावा. एके ठिकाणी एन्कोड केलेलंच पुन्हा एन्कोड झालं होतं. %२० चं %२५२० दिसलं की समजायचं, कारण '%' स्वतः %२५ होतो. अर्ध्या तासात निस्तरलं.

आता खरं दुखणं. पानांचा मजकूर गिरगावचे काका लिहितात, जुन्या डेस्कटॉपवर. पाण्याबद्दल त्यांना माझ्या दसपट माहिती. त्यांनी पाठवलेल्या यादीतल्या 'पायऱ्या'वर टिचकी मारली की पान नाही. मी फोनवरून टाइप केलं की आहे. फोन लावला.

"काका, पायऱ्या परत एकदा लिहून पाठवता का?"

"अरे, पायऱ्याच लिहिलंय. तुला दिसत नाही का?"

दिसत होतं ना! तीच पंचाईत. माझा शब्द ६३ जागांचा, काकांचा ७२. दोन्ही समोरासमोर ठेवून नऊ-नऊचे घास मोजत गेलो. माझ्या शब्दात %ई०%ए४%बी१, म्हणजे सबंध 'ऱ', मग हलन्त. काकांच्या शब्दात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे %ई२%८०%८डी, म्हणजे शून्यरुंदीचा जोडक, अक्षरं जोडणारं पण स्वतः न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोघांचाही तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र. एन्कोडिंगने प्रामाणिकपणे जे दिलं तेच लिहिलं होतं. आपणच एक शब्द दोन प्रकारे देत होतो.

रागाच्या भरात सगळे जोडक पुसून टाकले. मग 'पायऱ्या'चं 'पायर्या' झालं. मराठीत हे खपणार कसं? दऱ्या डोंगरात असतात आणि दर्या गिरगाव चौपाटीला. पुसणं परत घेतलं. आता 'र, हलन्त, जोडक' असं त्रिकूट दिसलं की त्या जागी 'ऱ, हलन्त' घालतो, बाकी जोडकांना हात लावत नाही. र आणि खाली नुक्ता (टिंब) असं कोणी लिहिलं तर युनिकोडचं एनएफसी रूप (एकच अक्षर लिहायच्या निरनिराळ्या तऱ्हा एकसारख्या करायची ठरलेली रीत) ते आपोआप 'ऱ' करतं, पण जोडकवाल्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. तो नियम आपला आपणच लिहायचा.

आणि ज्या शब्दावर अख्खी साइट उभी, तो 'टँक'! मी लिहितो ट, चंद्रबिंदू, क: सत्तावीस जागा. काका लिहितात ट, चंद्र, त्यावर अनुस्वार, क: छत्तीस. माझ्या फॉन्टमध्ये दोन्ही जुळे भाऊ. इथेही एनएफसी हात वर करतं. 'ऑगस्ट'चा ऑ कोणी आ आणि चंद्र जोडून लिहिला, तर त्याचीही तीच कथा.

सध्याची व्यवस्था अशी: आलेला पत्ता एकदाच उकलायचा, एनएफसी करायचं, वरचे तीन बदल ('ऱ', 'टँक' आणि 'ऑ' यांचे) करायचे आणि मग पान शोधायचं. पत्ता वेगळ्या रूपात आला असेल तर ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचा इशारा) देऊन ठरलेल्या रूपाकडे वळवायचं. ४३ पानांपैकी नऊ पानं दुहेरी निघाली, त्यात सहा तर नुसत्या टँकमुळे. जुने 'पान-१७' वाले पत्तेही वळवले आहेत, कोणी साठवून ठेवले असतील तर मोडणार नाहीत.

राहिली १७२५ सालची चर्चगेटजवळची विहीर. मी 'भीकबेहराम' एकत्र लिहिलं होतं, काकांनी तोडून 'भिखा बेहराम' केलं. यावर कुठलाही नियम चालत नाही. त्यामुळे दोन्ही पत्ते ठेवलेत, आणि खरा कोणता ते रविवारी काकांकडे चहाला गेलो की ठरेल.