गुरुजींच्या लग्नाची तारीख

आमच्या उत्तर नागपुरातल्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाची प्रवचने होतात, आणि त्यांतील बरीचशी एक वयोवृद्ध उपासक देतात. ते आयुष्यभर एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. शाळेत त्यांनी कधी शिकवले नाही, तरी सगळी वस्ती त्यांना गुरुजी म्हणते. दर वर्षी निदान एका प्रवचनात ते स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगतात. दसऱ्याला दीक्षा घेतली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी संध्याकाळी, पांढऱ्या वस्त्रांत, पाण्याने भरलेल्या मडक्यासमोर हातात सूत धरून लग्न लागले. त्यानंतर नवरा-नवरी सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात गेले आणि तिथे बाबासाहेबांनी दोघांना आशीर्वाद दिला, अशी ती गोष्ट. मी ती लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ती ऐकताना माझे डोळे प्रत्येक वेळी भरून आले आहेत.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या स्मरणिकेसाठी ही गोष्ट लिहून काढण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिल्याच पानावर मी थांबले. ऐकताना जे कधी खटकले नव्हते ते लिहिताना खटकले. १४ ऑक्टोबरला, रविवारी, बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील ग्रहण केले आणि मग जमलेल्या जनसमुदायाला दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या; १५ तारखेला त्यांचे ते प्रसिद्ध दीर्घ भाषण झाले; आणि १६ तारखेला ते चंद्रपूरला गेले व तिथे त्यांनी दीक्षा दिली. त्या संध्याकाळी ते सीताबर्डीत असणे शक्य नव्हते.

समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी सुचवले, "ताई, १६ची १५ करून टाका, कोणाला कळणार आहे?" त्यांचा हेतू वाईट नव्हता; त्यांना गुरुजींचा मान राखायचा होता. पण मला ते पटले नाही. १५ ऑक्टोबरला लग्न झाले असे गुरुजी कधीही म्हणाले नव्हते. मी तसे छापले असते, तर एका चुकलेल्या आठवणीच्या जागी कोणाचीच नसलेली आठवण बसली असती, आणि पुढे कोणी तीच पुरावा म्हणून वापरली असती. दीक्षेच्या त्या तीन दिवसांविषयी आपणच निष्काळजीपणे लिहिले, तर उद्या आपल्या खऱ्या साक्षींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही, ही भीती मला वाटत होती आणि आजही वाटते. म्हणून मी गुरुजींच्या घरी गेले आणि पडताळणी करण्याची परवानगी मागितली. ते क्षणभर दुखावले गेले, हे मला दिसले. मग म्हणाले, "कालाम सुत्त मीच तुम्हाले शिकवलं ना पोरी? कोणी सांगितलं म्हणून मानू नका म्हणून. पाहा मग."

विवाह नोंदणीचा दाखला मिळेल, असे सुरुवातीला मला वाटले होते. तो मिळाला नाही, आणि मिळणे जवळजवळ अशक्यच होते. हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये लागू झाला होता आणि तो बौद्धांनाही लागू होतो, परंतु त्या कायद्यात नोंदणी न केल्याने विवाह रद्द ठरत नाही. शिवाय ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. आपण मुंबई राज्यात आलो ते १ नोव्हेंबरला. मुंबई राज्याचा १९५३ चा विवाह नोंदणी कायदा तेव्हा इथे लागूच नव्हता. हे मी गुरुजींना मुद्दाम समजावून सांगितले, कारण नोंद सापडली नाही म्हणजे आपल्याला खोटे ठरवले, असे त्यांना वाटण्याचा संभव होता.

मग मी आजींच्या, म्हणजे गुरुजींच्या पत्नींच्या, माहेरचा माग काढला. पहिले बाळंतपण माहेरी, उमरेड तहसिलीतल्या गावी झाले होते, म्हणून तहसील कार्यालयात अर्ज करून कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागितली. जातपडताळणीसाठी विदर्भातल्या हजारो घरांनी या नकलांसाठी खेटे घातले आहेत, त्यामुळे वाट मला माहीत होती. तीन फेऱ्यांनंतर नक्कल हाती आली. थोरल्या मुलीचा जन्म १९५८ च्या पावसाळ्यातला निघाला. एवढ्यावरून लग्नाची तारीख ठरत नव्हती.

गुरुजींच्या पत्र्याच्या पेटीत भविष्य निर्वाह निधीचा एक जुना कागद होता. फेब्रुवारी १९५७ ची तारीख, आणि वारस म्हणून आईचे नाव. लग्नानंतरही कोणी आईचेच नाव ठेवू शकतो, त्यामुळे हा निर्णायक पुरावा नव्हता. पण माझी शंका त्याने वाढवली.

त्याहून अधिक विचार करायला लावले ते मडक्याने आणि सुताने. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये पाटावर पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे भांडे, त्यात सोडलेल्या सुताची टोके दोघांच्या हातांत, मंगलसुत्ताचे पठण आणि अंगावर पांढरी वस्त्रे, असा बौद्ध विवाहाचा विधी बाबासाहेबांनी डिसेंबर १९५६ च्या पहिल्या आठवड्यात, महापरिनिर्वाणाच्या अगदी आधी, एका कार्यकर्त्याला पत्राने कळवला होता. गुरुजी आपल्या लग्नाचे वर्णन करतात ते जवळजवळ याच क्रमाने. हा विधी त्याआधी तोंडी कोणी सांगितलाच नसेल असे मी म्हणू शकत नाही. तरीही दीक्षेनंतर अवघ्या दोन दिवसांत नागपूरच्या एका वस्तीत तो इतक्या नेमकेपणाने पार पडला, यापेक्षा लग्न नंतर झाले असणे अधिक संभवनीय होते.

इतके सगळे कागद पाहून झाल्यावर माझ्या लक्षात आले की लग्नातल्या दुसऱ्या व्यक्तीला मी काहीच विचारलेले नाही. याची मला मनापासून खंत वाटली. इतक्या वर्षांच्या प्रवचनांत आजी पहिल्या रांगेत बसलेल्या असत आणि गोष्ट नेहमी गुरुजीच सांगत.

आजींना मी तारीख विचारली नाही; त्या दिवशीचे काय आठवते, एवढेच विचारले. त्या म्हणाल्या, "उन्हाया होता. आंबे होते. अन् त्या राती गिऱ्हाण लागलं होतं. पहाटं चंद्र लालभडक झाला होता. शेजारच्या बाया म्हणे, रांधलेलं फेका, पाणी ओता. माहे बुवा म्हणाले, आता आपण ते मानत नाही. मांडवातला उरलेला भात आमी सगळ्यायनं गिऱ्हाणातच खाल्ला. मले लय भेव वाटलं होतं, म्हणून ध्यानात हाये."

ग्रहण पडताळता येते, आणि तेही कोणाच्या स्मृतीवर विसंबून न राहता. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच लागते. १४ ऑक्टोबर १९५६ ला विजयादशमी होती, म्हणजे १६ तारखेला पौर्णिमा यायला अजून दोन-तीन दिवस होते. त्या रात्री ग्रहण असूच शकत नाही. त्यानंतरच्या नोव्हेंबरात खग्रास चंद्रग्रहण झाले, पण तेव्हा आपल्याकडे भरदुपार होती. शके १८७९ चे पंचांग आणि नासाची ग्रहणांची यादी मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. १३ मे १९५७ रोजी वैशाख पौर्णिमा, म्हणजे बुद्ध पौर्णिमा होती आणि त्या रात्री, १४ तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास, खग्रास चंद्रग्रहण मध्यावर होते. एक अडचण मात्र होती. आदल्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेलाही, २४ मे १९५६ रोजी, आपल्याकडे चंद्रग्रहण दिसले होते. पण ते रात्री नऊच्या सुमाराचे आणि खंडग्रास होते, आणि शिवाय दीक्षेच्या आधीचे. "आता आपण ते मानत नाही" हे वाक्य आजींच्या वडिलांच्या तोंडी दीक्षेनंतरच शोभते. पहाट, लाल चंद्र, आंबे, पांढरी वस्त्रे आणि फेब्रुवारीतला तो कागद, हे सारे १३ मे १९५७ शी जुळत होते.

आता ऑक्टोबर कुठून आला, हा प्रश्न उरला होता. त्याचेही उत्तर आजींनीच दिले. त्यांचे वडील गावाहून पायी दीक्षेला आले होते आणि गुरुजींच्या घरीच उतरले होते. सोयरीक त्या मुक्कामात जुळली. साठ-पासष्ट वर्षांत सोयरीक आणि लग्न हे दोन प्रसंग गुरुजींच्या मनात एक झाले होते.

हे सारे मी दोघांसमोर वाचून दाखवले. गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आजींकडे पाहून विचारले, "गिऱ्हाणाचं तू मले कधी सांगितलं नाही?" आजी म्हणाल्या, "तुमी कधी इचारलं?" त्यानंतर गुरुजींनी सावकाश सांगितले की श्याम हॉटेलसमोरच्या गर्दीत ते आणि त्यांचे होणारे सासरे शेजारी-शेजारी उभे होते, बाबासाहेब त्यांना दुरून दिसले होते, आणि सासऱ्यांनी तिथेच त्यांचा हात धरून मुलगी देतो म्हटले होते. आशीर्वाद मिळाला असे आपल्याला त्या क्षणी वाटले होते, असेही ते म्हणाले. या प्रसंगाला कागदाचा आधार नाही, म्हणून मी तो "गुरुजींची आठवण" असे स्पष्ट लिहून दिला. ग्रहण, भात आणि वडिलांचे शब्द आजींच्या नावाने, त्यांच्याच बोलीत दिले.

छपाईपूर्वीची पाने मी तपासण्यासाठी त्यांच्या घरी नेली. गुरुजींनी भिंगाने एकेक ओळ वाचली आणि एकाच ठिकाणी दुरुस्ती केली. बाबासाहेब १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला गेले, असे मी लिहिले होते. त्यांनी "चंद्रपूर" खोडून वर "चांदा" लिहिले आणि म्हणाले, "तवा चांदाच होतं, पोरी. तेही बरोबर पाह्यजे."