मांड्या भरून आल्यात मॅडम

मी संगमनेरला फिजिओथेरपी करते, अकरा वर्षं झाली. रविवारी क्लिनिक बंद असतं त्यामुळे सोमवारी लोक दोन दिवसांची दुखणी साठवून आणतात. नवरात्रातला असाच एक सोमवार, मी दार उघडायच्या आधीच आमच्या कॉलनीतल्या एक काकू बाहेर उभ्या, कारण क्लिनिकच्या तीन पायऱ्या चढल्या तर परत उतरायच्या कशा हे त्यांना कळत नव्हतं. शनिवारी भिशीच्या ग्रुपबरोबर कळसूबाई करून आल्या होत्या. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि काकूंचा रोजचा व्यायाम म्हणजे भाजी आणायला जाणं.

"अगं मेले मी, हात लावू नको," असं ओरडतच त्या टेबलवर बसल्या. शनिवारी संध्याकाळी काहीच नव्हतं म्हणे, रविवारी सकाळी सुरू झालं आणि आज तर कमोडवर बसताना देव आठवला. हे अगदी नेहमीचं. अंग आंबायला वेळ लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं कळसाला जातं आणि मग उतरतं. चढताना दम लागतो पण मांड्या मोडतात त्या उतरताना, कारण तेव्हा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी अंगाचं वजन तोलून धरत असतो. कळसूबाईच्या बारी गावाकडच्या वाटेवरच्या त्या लोखंडी शिड्या उतरताना प्रत्येक पायरीला हेच. त्यात स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते, सूज येते, म्हणून दुखतं.

काकूंकडे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान होतंच, लॅक्टिक ॲसिड साचलंय वगैरे. (आपल्या "आंबलं" या शब्दातच आंबट आहे, त्यामुळे हे लोकांना लगेच पटतं.) पण ते ॲसिड तासा-दीड तासात निघून जातं, सोमवारपर्यंत मुक्काम नाही करत. "मग आम्ही खाली आल्यावर स्ट्रेचिंग केलं ते?" ते केलं तर छान, पण त्याने दुखणं फारसं टळत नाही, 2011 च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर दुखणं शंभर गुणांत मोजल्यावर जेमतेम एक ते चार गुणांचा फरक निघाला. काकूंना हे आवडलं नाही. मी म्हटलं घरातल्या घरात चालत राहा, गरम पाण्याने शेका, हलकी मालिश चालेल, नीट झोपा, गुरुवारपर्यंत जाईल. पैसे घेतले नाहीत तर त्यांना वाटलं ट्रीटमेंटच केली नाही.

त्यांच्या मागोमाग तो मुलगा आला, विशीतला, मित्राने बाइकवरून आणलेला, सोबत आई. हा अजिबात ओरडत नव्हता. "मांड्या भरून आल्यात मॅडम, मशीन लावा, परवा ग्राउंडला जायचंय." पोलीस भरतीची तयारी करतो. मैदानी चाचणीला 50 मार्क, त्यात 1600 मीटर धावणं, 100 मीटर आणि गोळाफेक. मधे दोन महिने काम धरल्यामुळे सराव सुटला होता, आणि शनिवारी परत गेला तर तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी पोरांची पैज लावली. याने पाचशे उठाबशा काढल्या. ऑक्टोबरच्या उन्हात. दुखायला लागल्यावर सर म्हणाले, दुखतंय म्हणजे लागू पडतंय.

खरं सांगते, मी मशीनची वायर हातात घेतली होती. दोघंही शनिवारचे, दोघांच्याही मांड्या, काकूंचा हिशोब डोक्यात ताजा. पण पँट वर करून हात ठेवला तर मांडी सायकलच्या ट्यूबमध्ये जास्त हवा भरल्यासारखी टणक, आणि गुडघा नव्वद अंशापर्यंतसुद्धा वाकत नव्हता. काकू ओरडत होत्या पण त्यांचा गुडघा पूर्ण वाकला होता.

"लघवी कशी होतीये?"

त्याने आईकडे बघितलं, मग भिंतीकडे. मी आईला पाणी आणायला बाहेर पाठवलं तेव्हा म्हणाला, "कोऱ्या चहासारखी. कालपासून. उष्णता झाली असंल." आणि दुखतंय म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या दोन दिवस चालू, पाणी मात्र बेताचंच.

वायर खाली ठेवली. स्नायू प्रमाणाबाहेर फुटला की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, लघवी काळपट होते आणि किडनीवर भार येतो, याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. अशा वेळी वरून चोळणं तर नकोच, आणि शरीरात पाणी कमी असताना त्या गोळ्या किडनीला आणखी त्रास देतात. मी ओळखीच्या फिजिशियनना फोन केला आणि त्याला रिक्षाने पाठवलं. आई म्हणत होती, "अवो पाय दुखत्यात त्याचे, ॲडमिट कशाला?" तिला समजावण्यात दहा मिनिटं गेली, बाहेर चार पेशंट घड्याळ बघत होते.

संध्याकाळी रिपोर्ट आला. सीपीके, म्हणजे स्नायू फुटला की रक्तात वाढणारं एन्झाइम, जे साधारण 200 च्या आत असतं, ते 62,000. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं. सलाईन चालू होतं, पाच दिवस ठेवलं, डायलिसिसची वेळ आली नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, ती वायर सारखी डोळ्यासमोर येत होती.

महिन्याभराने, रिपोर्ट नॉर्मल झाल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही परत सुरू केलं, आधी नुसतं चालणं, मग पहिल्या दिवशी दहा उठाबशा, बास. तो चिडला, "मॅडम दहाने काय व्हतंय?" होतं. थोडासा डोस दिला तरी स्नायू लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तेवढ्याच कामाला खूप कमी दुखतो, आंबणं टाळायला माझ्याकडे याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलं. मैदानही बदललं त्याने, मी काही बोलले नव्हते.

काकू दिवाळीनंतर परत एका गडावर जाऊन आल्या. फोन आला की या वेळी निम्मंसुद्धा दुखलं नाही, फक्त पोटऱ्या जरा धरल्यात. मी सवयीने विचारलं, लघवीचा रंग कसा आहे?

"अगं पोटऱ्या म्हणतेय मी," काकू म्हणाल्या, "तुझं लक्ष कुठंय?"