रत्नागिरी ते मालवण: अडीचशेत पोटभर मासे, पण दुपारीच

नोव्हेंबरच्या अखेरीस मी आणि माझी मावसबहीण रत्नागिरी-मालवण करून आलो. दोघींनी आधीच ठरवलं होतं की गाडी करायची नाही, रेल्वे आणि एसटीनेच फिरायचं, आणि माणशी एका जेवणाला अडीचशेच्या वर जायचं नाही. अडीचशेत मासे? निघताना बरेच जण हसले. मिळतात, पण दुपारी. रात्री त्याच पैशांत बहुतेक वेळा व्हेज फ्राइड राइसवर यावं लागतं.

याचं कारण असं की इथल्या खानावळी दुपारच्या गिऱ्हाइकावर चालतात. कोर्टात तारखेला आलेले, कचेरीतले कारकून, एसटीचे चालक-वाहक, बाजाराला आलेली आसपासच्या गावची माणसं. सकाळी बंदरावर घेतलेला मासा बाराच्या आत शिजलेला असतो आणि दोन-अडीचपर्यंत संपतो. संध्याकाळी त्यातल्या कितीतरी खानावळी उघडतच नाहीत, उघडल्या तर दुपारचंच कालवण गरम करून वाढतात. रात्री उरतात ती पर्यटकांची हॉटेलं, आणि तिथल्या एसीचा, रोषणाईचा खर्च आपल्याच ताटातून वसूल होतो.

मुंबईहून जाताना मांडवी एक्सप्रेस घेतलीत तर एक सांभाळा. सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीहून सुटणारी ही गाडी दुपारी एकच्या आसपास रत्नागिरीला पोचते (पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं). तिची पँट्री खाण्यासाठी प्रसिद्ध आहे, दर थोड्या वेळाने काहीतरी तळलेलं घेऊन कोणीतरी डब्यातून जातं. खा, पण पोट भरू नका. आणि स्टेशन शहराबाहेर आहे. उतरून रेंगाळलात तर खानावळीत पोचेपर्यंत फक्त वरण-भात उरलेला असेल. आम्ही रिक्षा ठरवून थेट शहरातला जयस्तंभ चौक गाठला, पाठीवरच्या सॅकसकट जेवायला बसलो आणि लॉज नंतर शोधला.

खानावळ गल्लीत आत होती. दाराशी फळा, त्यावर खडूने बांगडा थाळी, सौंदाळे थाळी, शाकाहारी थाळी. सुरमई लिहिलेली होती, ती खोडलेली. खोडलेलं नाव दिसलं की निर्धास्त आत शिरावं. ज्या लॅमिनेट केलेल्या मेनूकार्डावर बारा महिने तेच पंधरा मासे असतात, तिथला फ्रीजर मोठा असतो एवढंच त्यातून कळतं.

थाळीचं गणित समजून घेतलं तर बरेच पैसे वाचतात. साध्या खानावळीत बांगडा थाळी आणि सुरमई थाळी यांतलं कालवण अनेकदा एकच असतं, भात तोच, सोलकढी तीच. फरक असतो तो तळलेल्या तुकडीचा. म्हणजे वरचे दीड-दोनशे रुपये आपण एका तुकडीसाठी देतो. आम्हाला बांगडा थाळी दोन्ही गावांत १८० ते २२० मध्ये मिळाली, तर सुरमई सगळीकडे साडेतीनशेच्या पुढे. त्यात बांगडा ताजा असेल तर माझ्या मते तो सुरमईला हरवतो, हे मुंबईकरांना पटत नाही ते सोडा. मांदेली आणि तारली याहून स्वस्त. काटे काढायचा धीर असेल त्यांनी जरूर घ्यावी. पापलेटच्या आणि खेकड्याच्या पुढे दराऐवजी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असेल तर ऑर्डर देण्याआधीच आकडा विचारा. विचारायला लाजणाऱ्यांची बिलं मी शेजारच्या टेबलावर पाहिली आहेत.

भात आणि कालवण बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, चपाती-भाकरीचे वेगळे पैसे लागतात. सोलकढी पहिली वाटी थाळीतली, दुसरीपासून हिशोब सुरू. ती आगळ (कोकमाचा रस) आणि नारळाच्या दुधाची असेल तर रंग फिकट गुलाबी येतो आणि थोडा वेळ ठेवली की थर वेगळे होऊ लागतात. भडक गुलाबी दिसली तर दुसरी मागवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरकरवाडा बंदरावर गेलो. मासे घ्यायचे नसले तरी जा. कोणत्या माशाच्या पाट्यांचा ढीग लागलाय हे पाहिलं की दुपारी काय मागवायचं ते ठरतं, कारण जे भरपूर आलंय तेच ताजं आणि तेच स्वस्त. चांगली चप्पल मात्र घालू नका. नाश्त्याला राम आळीच्या बाजूला मिसळ खाल्ली, बरी होती, त्यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं नाही.

बरोबर शाकाहारी माणूस असेल तर रत्नागिरीत त्याचे हाल होत नाहीत. घरगुती जेवणाची पाटी असलेल्या ठिकाणी कुळथाचं पिठलं, डाळिंब्यांची उसळ, फणसाची भाजी मिळते, पण आदल्या दिवशी किंवा निदान सकाळी सांगावं लागतं. उकडीचे मोदक नगावर मिळतात, तेही सांगूनच. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात दुपारी खिचडीचा प्रसाद असतो. शहरातून एसटी जाते. दर्शन घेऊन रांगेत बसा, निघताना दानपेटीत आपल्या मनाने टाका.

मालवणला एसटीने निम्मा दिवस जातो. थेट गाडी चुकली तर कणकवलीला बदलायची. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघींचा प्रवास एका तिकिटाच्या पैशांत झाला आणि वाचलेल्या पैशांचं काय केलं ते पुढे येईलच.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या सुटतात तिथल्या आणि तारकर्लीच्या रस्त्यावरच्या हॉटेलांपेक्षा भरड नाक्यावर, बाजारपेठेत, स्टँडच्या आसपास जेवा. तीच थाळी तिथे पन्नास-शंभरने स्वस्त पडते. एका घरवजा खानावळीत मी सुरमईबद्दल विचारलं, तर काकी म्हणाल्या, “सुरमय कालची आसा. बांगडो घेवा, सकाळचो.” तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं त्यांनी वेगळ्या वाटीत वाढलं. ज्यांनी तिरफळ कधी चाखलं नाही त्यांनी ते चावू नये, बाजूला काढावं; जीभ बराच वेळ झिणझिणत राहते.

कोंबडी-वडे मागवताना गावठी की ब्रॉयलर हे आधी विचारा. दरात चांगलाच फरक असतो आणि मेनूवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. आम्ही गावठीच घेतली. अर्ध्या तिकिटाचे पैसे इथे गेले. दोघींत एक प्लेट पुरते, वडे तेवढे जास्तीचे घ्या.

मालवणचा नाश्ता हा माझ्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त आनंद. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, किंवा घावणे आणि खोबऱ्याची चटणी, पन्नास-साठ रुपयांत. लॉजवरचा ‘ब्रेकफास्ट इन्क्लुडेड’ नको म्हणा, तिथे ब्रेड-बटरच येतं.

आता रात्रीचा प्रश्न. त्यावरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे जेवण देणाऱ्या घरात उतरणं आणि दुपारपर्यंत सांगून ठेवणं. ऐनवेळी सांगितलं तर त्यांना नारळ फोडण्यापासून तयारी करावी लागते. शिवराक, म्हणजे शाकाहारी, चालेल म्हणालात तर दर आणखी उतरतो. आम्ही रात्री कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि भाजलेला सुका बांगडा जेवलो, माणशी १२० रुपये. दुपारच्या मासळीनंतर एवढंच हवं असतं.

जाण्याचा काळही जपून निवडा. १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत हॉटेलात दिसणारी सुरमई बहुधा बर्फातलीच. खाडीचे मासे, सोड्यांची आमटी, सुकट आणि टाकळा-भारंगीसारख्या रानभाज्या यांवर भर दिलात तर पावसाळाही वाया जात नाही. नाताळ ते ३१ डिसेंबर आणि मे महिना टाळा. दर वाढतात आणि बारालाच रांग लागते. जावंच लागलं तर साडेअकराला जेवायला बसा. सोमवारी बरेच स्थानिक मासे खात नाहीत, त्यामुळे काही छोट्या खानावळी त्या दिवशी फक्त शाकाहारी करतात किंवा बंद असतात.

सुटे पैसे ठेवा. यूपीआय सगळीकडे आहे, रेंज सगळीकडे नाही.

परतीला कुडाळहून रात्रीची कोकणकन्या घेतली. मालवणहून कुडाळची संध्याकाळची एसटी कधीची आहे ते स्टँडवर सकाळीच विचारून ठेवा. गाडीत खायला जास्तीचे वडे आणि सुकी उसळ बांधून घेतली. वडे दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात, रश्शाच्या भानगडीत मात्र पडू नका. बाजारातून आल्याचं खाजं घेतलं तर तेही चालतं, फक्त प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा, नाहीतर हवा लागून चिकट होतं.