जनरल मर्सियेच्या मागावर: पॅरिस आणि रेन, थोडं पायी, थोडं मेट्रोनं

आल्फ्रेद ड्रेफस हा फ्रेंच सैन्यातला ज्यू कॅप्टन. जर्मन वकिलातीच्या कचऱ्यातून आलेल्या एका चिठ्ठीवरून १८९४ मध्ये त्याला हेरगिरीबद्दल खोटंच दोषी ठरवलं गेलं, आणि १९०६ मध्ये तो निर्दोष ठरला. या ड्रेफस प्रकरणाच्या जागा बघायला निघालेले बहुतेक लोक कादंबरीकार एमिल झोलापासून सुरुवात करतात. आधी पाँतेओंमधली त्याची कबर, मग वेळ उरला तर बाकीचं. पण झोलानं ड्रेफसच्या बाजूनं लिहिलेलं जाहीर पत्र छापून आलं १३ जानेवारी १८९८ ला, आणि तोवर ड्रेफसला शिक्षा होऊन तीन वर्षं उलटली होती. प्रकरण शिजलं ते १८९४ च्या शरद ऋतूत, युद्धमंत्री जनरल ऑग्युस्त मर्सिये याच्या टेबलावर. मंत्रालय, जर्मन वकिलात, तुरुंग आणि लष्करी न्यायालय ही सगळी ठिकाणं सेन नदीच्या डाव्या काठावर, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. म्हणून हा मार्ग मर्सियेच्या दारापासून सुरू होतो. पॅरिसला एक पूर्ण दिवस, दुसरा खटला जिथे चालला त्या ब्रिटनीतल्या रेन शहराला एक दिवस आणि जमल्यास झोलाचं घर असलेल्या मेदांसाठी अर्धा दिवस, एवढा वेळ हाताशी ठेवा.

निघण्याआधी एक गोंधळ मिटवून घ्या, कारण तो गाइडच्या बोलण्यातही होतो. या प्रकरणाच्या काळात युद्धमंत्री झालेले जनरल एक-दोन नाहीत. मर्सिये डिसेंबर १८९३ ते जानेवारी १८९५. पुढे झुर्लिंडेन (दोनदा), बियो, शानुआन. १८९९ मध्ये गालिफे, ज्यानं ड्रेफसला माफी मिळाल्यावर ‘प्रकरण संपलं’ असा आदेश सैन्याला काढला. त्याच्यानंतर आंद्रे. आणि ज्या पिकारनं खरा गुन्हेगार एस्तेराझी असल्याचं शोधून काढलं आणि त्यापायी कैद भोगली, तोही १९०६ मध्ये जनरल आणि मग युद्धमंत्री झाला. ड्रेफसला अडकवणारा मंत्री म्हणजे मर्सिये. बाकीच्यांनी ते झाकलं, ताणलं किंवा निस्तरलं.

तिकिटाचं आधी. जानेवारी २०२५ पासून पॅरिस परिसरात झोनप्रमाणे वेगवेगळी तिकिटं राहिलेली नाहीत. मेट्रो आणि लोकल ट्रेनला एकच दर आहे (२०२५ मध्ये २.५० युरो), बस-ट्रामला वेगळा, थोडा कमी. विमानतळाचं तिकीट मात्र वेगळं आणि बरंच महाग. दर जानेवारीत दर थोडे वाढतात. नाविगो ईझी कार्ड घेऊन त्यात तिकिटं भरून ठेवा. एक कार्ड दोघांत चालत नाही, प्रत्येकाला आपलं लागतं. बाहेर पडेपर्यंत कार्ड खिशात हवं, तपासनीस आत कुठेही भेटतो.

मेट्रो १२ वर सोल्फेरिनोला उतरा. १४, रू सँ-दोमिनिक म्हणजे ओतेल द ब्रिएन, मर्सियेचं घर आणि कार्यालय. मंत्रालयाचा बहुतेक कारभार २०१५ मध्ये बालारच्या नव्या इमारतीत गेला, पण मंत्री अजून इथेच बसतो. त्यामुळे दार बंद आणि पहारा कडक. समोरच्या फुटपाथवरून बघा, पहारेकऱ्यांचे फोटो काढू नका, गेटसमोर रेंगाळू नका. आत जायची संधी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी, वारसा दिनांना. त्यासाठी नोंदणीचं आधी बघून ठेवावं लागतं आणि मूळ पासपोर्ट जवळ लागतो. झेरॉक्सवर विसंबू नका.

इथे उभं राहून १५ ऑक्टोबर १८९४ ची सकाळ डोळ्यांपुढे आणायची. ड्रेफसला ‘तपासणीसाठी, साध्या कपड्यांत’ असं सांगून मंत्रालयात बोलावलं. सेनाप्रमुखांच्या खोलीत मेजर द्यु पाती द क्लाम हाताला जखम झाल्याचं सोंग करून बसला होता. त्यानं ड्रेफसला एक पत्र लिहून घ्यायला सांगितलं. मजकुरात हेरगिरीच्या चिठ्ठीतलेच शब्द पेरलेले. मध्येच तो म्हणाला, तुम्ही थरथरताय. ड्रेफस म्हणाला, बोटं गारठलीत. तेवढ्यावर अटक झाली. टेबलावर पिस्तूलही ठेवलेलं होतं, त्यानं स्वतःच निकाल लावावा म्हणून. त्यानं ते नाकारलं. चार दिवस आधी, ११ तारखेला, मोजक्या मंत्र्यांच्या बैठकीत परराष्ट्रमंत्री आनोतो यानं मर्सियेला बजावलं होतं की एवढ्याशा पुराव्यावर खटला नको. पण मर्सियेचे पाय तेव्हा आधीच डळमळीत होते: त्या वर्षी त्यानं ६० हजार शिपाई मुदतीआधी घरी पाठवले होते आणि वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली होती. अटकेची बातमी फुटल्यावर माघार घेणं म्हणजे खुर्ची जाणं. २८ नोव्हेंबरला, खटल्याच्या तीन आठवडे आधी, त्यानं ‘ल फिगारो’ला सांगून टाकलं की गुन्हा सिद्ध आहे.

तिथून दहा मिनिटांत ७८, रू द लील. ओर्से संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, त्यामुळे हजारो प्रवासी नकळत जवळून जातात. तेव्हाची जर्मन वकिलात, आता जर्मन राजदूताचं निवासस्थान. इथली मोलकरीण मादाम बास्तियान लष्करी प्रतिनिधी श्वार्त्सकोपेनची कचरापेटी रिकामी करून फ्रेंच गुप्तहेर खात्याला द्यायची. ती फाटलेली चिठ्ठी याच वाटेनं आली. दार बघा आणि पुढे चला, आत प्रवेश नाही.

सोल्फेरिनोहून दोन स्टेशनं पुढे सेव्र-बाबिलोन. लुतेसिया हॉटेलच्या समोर, ५४, बुलवार रास्पाय इथे काच आणि पोलादाची एक संशोधन संस्था दिसेल. शेर्श-मिदीचा लष्करी तुरुंग इथे होता, १९६० च्या दशकात पाडला. रस्त्यापलीकडे ज्या वाड्यात लष्करी न्यायालय भरायचं, तोही बुलवार वाढवताना गेला. म्हणजे बघायला काहीच नाही, आणि बरेच लोक इथे चिडतात. न चिडता पाच मिनिटं द्या, कारण मर्सियेचा खरा गुन्हा या कोपऱ्यावर घडला. १९ ते २२ डिसेंबर १८९४, बंद दाराआड खटला. न्यायाधीश विचार करायला आत गेल्यावर त्यांच्या हातात मर्सियेच्या हुकमानं एक सीलबंद पाकीट पडलं. त्यातले कागद आरोपीला दाखवले नव्हते, वकिलाला दाखवले नव्हते. सातही न्यायाधीशांनी एकमतानं दोषी ठरवलं. पुढची बारा वर्षं जी काही कायदेशीर लढाई झाली ती या पाकिटाभोवती फिरत राहिली: चिठ्ठीवरच्या अक्षराबद्दल दुमत होऊ शकतं, पण वकिलापासून लपवलेला पुरावा कुठल्याच कायद्यात बसत नाही, आणि ते मर्सियेला चांगलं ठाऊक होतं. त्या कागदांवरचं स्पष्टीकरणाचं टिपण त्यानं नंतर जाळून टाकलं. ही गुप्त फाइल आता व्हँसेनच्या लष्करी अभिलेखागारात आहे आणि २०१३ पासून इंटरनेटवर फुकट बघता येते. प्रवासाआधी ती चाळून जा. इथला रिकामा कोपरा मग रिकामा वाटत नाही.

आता मेट्रो १० घ्या, बुलोन्यच्या दिशेनं, तिसरं स्टेशन सेग्युर. तिथून सहा-सात मिनिटं चालून प्लास द फोंतनुआ. एकोल मिलितेर ही लष्करी शाळा बघायला लोक शां-द-मार्सच्या बाजूनं जातात, कारण आयफेल टॉवर तिकडे. ते चुकीचं आहे. ५ जानेवारी १८९५ ला ड्रेफसला जाहीरपणे पदच्युत केलं तेव्हा जमाव उभा होता तो या मागच्या बाजूला, फोंतनुआच्या कुंपणाबाहेर, आणि आतलं पटांगण दिसतं तेही इथूनच. सकाळी नऊच्या सुमारास अ‍ॅडज्युटंटनं ड्रेफसच्या गणवेशाची बटणं आणि पट्टे उपटले, तलवार गुडघ्यावर मोडली. हे सगळं एका झटक्यात व्हावं म्हणून आदल्या दिवशीच शिवण उसवून धाग्यावर ठेवली होती आणि तलवारीला कानसीनं खाच पाडली होती. इमारत लष्कराच्या ताब्यात आहे. वारसा दिन सोडले तर गजांमधून बघण्यावर समाधान मानायचं. सकाळी जा, दुपारनंतर ऊन समोरून येतं आणि फोटो वाया जातात. सप्टेंबरमध्ये आत जायला मिळालं तर त्याच आवारातलं कूर देजार्दँ हे छोटं पटांगणही विचारा: निर्दोष ठरल्यावर २१ जुलै १९०६ ला ड्रेफसला लेजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मोठा सन्मान दिला तो तिथे. मोठ्या पटांगणात नाही.

इथून पुढच्या स्टेशनाचं नाव ला मोत-पिके असं दिसेल. तो अठराव्या शतकातला आरमारी अधिकारी, आपल्या पिकारशी त्याचा संबंध नाही. त्यापुढचं स्टेशन आव्हन्यू एमिल झोला. जवळच प्लास आल्फ्रेद-ड्रेफस आहे, पण तो निव्वळ चौक. घाईत असाल तर सोडा.

सोडू नये असा पुतळा मेट्रो १२ वर नोत्र-दाम-दे-शां स्टेशनाजवळ, बुलवार रास्पायच्या कडेच्या छोट्याशा बागेत आहे. व्यंगचित्रकार तिम यानं घडवलेला ड्रेफस, मोडलेली तलवार चेहऱ्यासमोर उभी धरून सलामी देताना. १९८० च्या दशकात सरकारनं तो बनवून घेतला. एकोल मिलितेरमध्ये बसवायचं ठरत होतं, संरक्षण खात्यानं नकार दिला. मग त्वीलरी बाग, मग १९९४ पासून इथे. २००२ मध्ये त्यावर ज्यूद्वेषी मजकूर फासला गेला. पुतळा अंगावर येईल असा मोठा आहे, पण झाडांमुळे रस्त्यावरून पटकन दिसत नाही, बागेत शिरा. त्याची दुसरी प्रत रू द्यु ताँप्लवरच्या ज्यू कला-इतिहास संग्रहालयाच्या अंगणात आहे. ड्रेफस कुटुंबानं दिलेले कागद त्याच संग्रहालयाकडे आहेत. ते सोमवारी बंद असतं, आणि बॅगांची तपासणी विमानतळासारखी होते, मोठी सॅक नेऊ नका.

पुतळ्यापासून चालत पंधरा मिनिटांत मोंपार्नासची दफनभूमी. प्रवेश फुकट, नकाशा मुख्य दाराशी मिळतो, २८ वा विभाग शोधा. साधा आडवा दगड, वर ज्यू रिवाजानं ठेवलेले खडे. दगडावर ‘लेफ्टनंट कर्नल’ कोरलेलं आहे. २०२५ मध्ये खास कायदा करून फ्रान्सनं त्याला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल केलं. त्याच दगडावर नात मादलेन लेव्हीचं नाव आहे, ती आउश्वित्सच्या नाझी छळछावणीत मरण पावली. हिवाळ्यात दफनभूमी साडेपाचला बंद होते आणि रखवालदार आधीच शिट्ट्या मारत फिरू लागतात, म्हणून चारच्या आत पोचा.

रेनला जाणारी गाडी मोंपार्नासहूनच सुटते. सर्वांत जलद टीजीव्ही दीड तासाच्या आत पोचवते. तिकिटं दोन-अडीच महिने आधी काढली तर निम्म्याहून कमी पैशांत पडतात. फलाट सुटण्याच्या वीसेक मिनिटं आधी लागतो आणि दोन मिनिटं आधी प्रवेश बंद होतो. आपल्याकडच्यासारखं धावत चढायचं विसरा. सोमवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं.

खरा मर्सिये दिसतो तो रेनला. स्टेशनातून आव्हन्यू जान्व्हिए धरून उत्तरेला दहा मिनिटं चाला, डावीकडे तांबड्या विटांची मोठी शाळा लागते: लीसे एमिल झोला. पहिला निकाल रद्द झाल्यावर ७ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर १८९९ दुसरा खटला इथे चालला, उकाड्यामुळे सकाळी साडेसहापासून. १२ ऑगस्टला मर्सिये चार तासांहून जास्त बोलला. शेवटी म्हणाला की मला तिळमात्र शंका असती तर मी ती इथे येऊन सांगितली असती. ड्रेफस ताडकन उठला आणि ओरडला, तेच तर तुम्ही करायला हवं! १४ तारखेला बचावाचा वकील लाबोरी मर्सियेची उलटतपासणी घेणार होता. सकाळी न्यायालयाकडे येताना नदीकाठच्या के रिशमाँवर कुणीतरी त्याच्या पाठीत गोळी घातली. लाबोरी वाचला, हल्लेखोर कधीच सापडला नाही, मर्सियेची तपासणी व्हायची तशी झाली नाही. निकाल ५ विरुद्ध २: पुन्हा दोषी, वर ‘सौम्य करणारी परिस्थिती’. राजद्रोहात सौम्य काय असतं हे कुणी सांगितलं नाही. शाळेपासून त्या काठापर्यंत पाच-सात मिनिटं चालून जा, अंतर किती कमी होतं ते कळतं.

ही चालू शाळा आहे. आत जायचं तर वारसा दिन किंवा आधी ठरवलेली भेट. जुलै-ऑगस्टमध्ये दाराशी कुणी नसतं. पुढे शां लिब्र इमारतीतलं म्युझे द ब्रताञ हे ब्रिटनीचं संग्रहालय. ड्रेफस प्रकरणाची छायाचित्रं, पोस्टकार्डं, पत्रं यांचा मोठा संग्रह त्यांच्याकडे आहे. सकाळी उघडत नाही, म्हणून शाळा आणि नदीकाठ आधी, जेवण मधे, संग्रहालय दुपारी. दालनांची मांडणी बदलत असते, जायच्या आठवड्यात वेबसाइट बघा. ड्रेफस शाळेत येताना दोन्ही बाजूंचे शिपाई त्याच्याकडे पाठ करून उभे आहेत, तो फोटो शोधा. जेवणात शाकाहाऱ्यांनी कुट्टूच्या पिठाचं गालेत मागावं, पण ‘कॉम्प्लेत’ म्हटलं की आत हॅम येतो. ‘साँ जाँबाँ’ असं स्पष्ट सांगा.

मेदांला झोलाचं घर आणि २०२१ मध्ये उघडलेलं ड्रेफस संग्रहालय एकाच आवारात आहे. सँ-लाझारहून जे लाइनची लोकल, व्हिलेन-स्युर-सेनला उतरून अर्धा तास पायी. फुटपाथ काही ठिकाणी अगदी अरुंद. वेळ आधी बुक करूनच जा, आठवड्यातले काही दिवस बंद असतं. मर्सियेसाठी इथे यायची गरज नाही, पण झोलानं पत्राच्या शेवटी ज्यांची नावं घेऊन आरोप केले त्यात तो आहे, आणि ती यादी नीट समजून घ्यायला यापेक्षा बरी जागा सापडत नाही.

शिक्षा मर्सियेला कधीच झाली नाही. डिसेंबर १९०० च्या सार्वत्रिक माफीनं त्याच्यावरचा खटला संपला. तोवर तो सेनेटर झाला होता आणि १९२० पर्यंत राहिला. १३ जुलै १९०६ ला ड्रेफसला सैन्यात परत घेण्याच्या कायद्यावेळीही तो सेनेट भरते त्या लुक्सांबुर महालात विरोधात उभा राहिला. पुतळ्यापासून दहा-बारा मिनिटांवर लुक्सांबुर बाग आहे. दफनभूमीला जायच्या आधी तिकडून वळसा घाला, बाकं भरपूर आहेत आणि पाण्याचे नळही. १२ जुलैच्या आसपास पॅरिसमध्ये असाल तर हेही लक्षात ठेवा: २०२६ पासून ती तारीख ड्रेफस स्मरणाचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळायचं जाहीर झालेलं आहे, एकोल मिलितेरच्या भोवतीचे रस्ते अडवलेले असू शकतात. त्या दिवशी सुरुवात रू सँ-दोमिनिकऐवजी दफनभूमीपासून करा.