आधी भाकरी अडकली की पाणी?

आमच्या अण्णांचा घास छातीत अडकायचा. मग ते ताटावरून उठायचे, खांदे मागे टाकून उभे राहायचे, वर पाणी प्यायचे. कधी तेही उलटून यायचं. सकाळी उशी ओली असायची. ॲसिडिटीच्या गोळ्यांवर कित्येक महिने गेले होते. पंचवटीतल्या घरी येणारा-जाणारा कॅन्सरचं नाव काढायचा आणि आईचा चेहरा पडायचा.

शेवटी गंगापूर रोडच्या एका पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवून अण्णांनाच विचारलं, "काका, आधी काय अडकायला लागलं? भाकरी की पाणी?"

"दोन्ही. पहिल्यापासूनच."

माझ्या मते अर्धं निदान इथेच झालं. आधी घट्ट अन्न आणि पुढे पातळही अडकायला लागलं, तर अन्ननलिका, म्हणजे घशातून पोटात जाणारी नळी, आतून अरुंद होत असते. तिथे गाठीची शंका आधी घ्यावी लागते. दोन्ही सुरुवातीपासून अडकत असेल, तर नळीच्या हालचालीतच बिघाड असू शकतो. गिळतानाच ठसका लागतो का, पाणी नाकातून येतं का, हेही विचारलं. तसं असेल तर दोष घशाकडचा. गिळताना दुखतं का? डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिकची गोळी घोटभर पाण्यावर घेऊन लगेच आडवं झालं, तर अन्ननलिकेत जखम होऊन गिळताना दुखू शकतं म्हणे. मला हे ठाऊकच नव्हतं.

वजन उतरलं होतं, म्हणून एंडोस्कोपी लगेच केली. उपाशीपोटी गेलो, घशात बधिर करणारा फवारा मारला. गाठ नाही म्हटल्यावर आईला रडूच आलं. पण घास अडकतच होता, त्यामुळे तिथे थांबून चालणार नव्हतं. बेरियमचं पांढरं औषध पाजून काढलेल्या एक्स-रेत नळी वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसली. मग मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी: नाकातून बारीक नळी घालून पाण्याचे घोट घ्यायचे. अण्णांना सगळ्यात जड गेली ती हीच. मी हात धरून बसले होते.

निदान अकॅलेशिया. अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडत नाही. फुग्याने ताणणं, ऑपरेशन किंवा एंडोस्कोपीतून स्नायू कापणं असे पर्याय होते. अण्णांनी शेवटचा निवडला. आता भाकरी जाते, सावकाश चावून. झडप मोकळी झाल्याने आम्ल वर येऊ शकतं, म्हणून उशाकडची बाजू उंच केली आहे आणि तपासण्या चालू आहेत.