पिशवी घेऊन फिरणाऱ्या अळीचे संगोपन : पावसाळ्यातील नोंदी

दमट घरांच्या भिंतींवर, विशेषतः न्हाणीघरात, भोपळ्याच्या बीसारखी चपटी करडी पिशवी सरकताना दिसते. ती विणणारी अळी ज्या पतंगाची आहे तो, माझ्या अंदाजाने, फेरिओएका युटेरेला असावा. वॉल्सिंगहॅम यांनी १८९७ मध्ये वर्णिलेली ही जाती कपड्यांच्या कसरीच्याच टिनिडी कुळातील आहे. मात्र खात्रीच्या ओळखीसाठी प्रौढ नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. केवळ पिशवीच्या छायाचित्रावरून जाती ठरवणे मला योग्य वाटत नाही.

अंडे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते आणि साधारण दहा दिवसांत फुटते. अळी प्रथम रेशमाची एक कमान बांधते, तिला वाळूचे कण व धूळ चिकटवत नळी करते आणि खालची बाजू विणून पूर्ण झाली की ती पृष्ठभागापासून सोडवून घेते. वाढताना ती जुनी पिशवी टाकून न देता तीच मोठी करते, त्यामुळे पूर्ण वाढलेल्या अळीची पिशवी ८ ते १४ मिलिमीटर भरते. पिशवी दोन्ही टोकांना उघडी आणि मध्यभागी रुंद असते. अळी आतल्या आत वळून कोणत्याही टोकातून डोके बाहेर काढते. बरणीत लाल लोकर ठेवल्यावर काही पिशव्यांच्या कडांना लाल तंतू दिसू लागले, त्यामुळे नवे विणकाम ओळखणे फारच सोपे झाले.

कोळ्यांची जुनी जळमटे हे तिचे आवडते खाद्य. लोकरही ती खाते, सुती चिंधीला मात्र माझ्याकडील अळ्यांनी तोंड लावले नाही. (घरातील जळमटे काढली की हिचा उपद्रव कमी होतो, पण आपल्या छंदाला ते सोयीचे नाही!) खाद्यापेक्षा हवेतील ओलावा अधिक सांभाळावा लागतो, म्हणून बरणीत ओला बोळा ठेवावा, तो अळ्यांना टेकू देऊ नये.

अळी अवस्था सुमारे पन्नास दिवसांची असते. त्यानंतर अळी उभ्या पृष्ठभागावर चढून पिशवीची दोन्ही टोके रेशमाने बांधते आणि एका टोकाच्या कडांना चिरा पाडून तेथे चपटी झडप तयार करते. सुमारे दोन आठवड्यांनी कोश त्या झडपेतून अर्धा बाहेर सरकतो व पतंग निघतो. प्रौढ पतंग काही खात नाही. सध्या बरणीच्या काचेवर अशा बांधलेल्या पिशव्या असून, नर-मादी वेगळे ओळखता यावेत यासाठी प्रत्येक पिशवी स्वतंत्र नळीत हलवत आहे.